लिनेटची खिटी

बर्मिंगहॅम,
बुधवार

प्रिय डेस,

पॉलीन काल दुपारी येऊन गेली. तुझ्या घरात तुझ्या लायकीपेक्षा चांगलं काही असेल तर ती तुझी बायको. येताना ब्रेड पुडिंग घेऊन आली, माझ्या अल्बर्टच्या गुडघ्याची चौकशी केली, माझ्या पडद्यांना नावं ठेवली आणि मग पर्समधून तुझं निमंत्रण काढून टेबलावर ठेवलं. जाड कागद, सोनेरी कडा. शनिवारी बाबांच्या हॅकेट बंदूक-कारखान्याला पन्नास वर्षं पूर्ण होणार. लंडनचे नवे मालक येणार, वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार, आणि सगळ्यांच्या देखत नव्या 'लिनेट' बंदुकीला अंगठा देणार कोण, तर संस्थापकांची कन्या एडना. खाली तुझ्या हातानं लिहिलंयस, "एड, नाही म्हणू नकोस."

तर हे माझं उत्तर. लांबलचक आहे आणि गोड नाही. चहा करून घे, केबिनचं दार लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून गोदामात चक्कर मारायची तुझी सवय मला माहीत आहे. कुणी मनाला लागेल असं बोललं की तुला लगेच गोदामातलं काहीतरी आठवतं.

मला काय हवंय ते आधीच सांगते, म्हणजे तू शोधत बसायला नको. शनिवारी केक कापून झाला की सोमवारी लिनेटच्या पेट्या निघणार आणि नाताळच्या आत देशभरातल्या दुकानांत पोचणार. त्यातली एकही पेटी फाटकाबाहेर पडता कामा नये. बस. बाकीचं सगळं पत्र हे मी इतकी का चिडले आहे त्याचं आहे, आणि मी फार चिडले आहे, डेस. काल रात्रीचं जेवण करपवलं. अल्बर्टनं मुकाट्यानं खाल्लं, यावरून ओळख.

बाबांनी अंगठ्याची रीत का काढली ते तुला सांगायला नको. पण शनिवारी भाषणात तू त्याची गोड गोष्ट करणार, म्हणून खरं काय ते आधी मीच लिहिते. बाबा आधी ज्या कारखान्यात होते तिथे त्यांच्या शेजारच्या बाकावरच्या माणसाचं बोट छऱ्याच्या बंदुकीनं खाल्लं. त्यानं नळी बिजागरीवर खाली वाकवली, आतली स्प्रिंग दाबली गेली, आणि तो छर्रा बसवत असताना खिटी सुटली. खिटी ती केवढी, नखाएवढी. पण दाबलेली अख्खी स्प्रिंग आणि पिस्टन तिच्या एका कडेवर अडून असतात. कड सुटली की पिस्टन पुढे धावतो, नळी फाडकन मिटते आणि मधे जे असेल ते चिरडतं. बाबा सांगायचे, त्या खिटीचा धातू ज्या साहेबानं ठरवला होता तो त्या वेळी वरच्या मजल्यावर चहा पीत होता. म्हणून स्वतःचा कारखाना काढल्यावर त्यांनी नियम केला. नवी बंदूक बाजारात जाण्याआधी, खिटीचा धातू ज्यानं निवडला त्यानं ती ताणायची, उघड्या नळीच्या तोंडाशी, छर्रा बसवतात तिथे, आपला अंगठा ठेवायचा, आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं दस्त्यावर लाकडी मोगरी हाणायची. खिटी टिकली तर विकायची. जवळच्याच माणसानं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले, "परका माणूस नुसता मारतो. आपला माणूस मारण्याआधी विचारतो, तुझी खात्री आहे ना?"

तेव्हा मोगरी आईकडे असायची. खात्री आहे ना, एवढं विचारून ती थोडीच थांबायची! "फ्रँक हॅकेट, हा अंगठा गेला ना, तर रविवारचं मांस मी कापून देणार नाही, सांगून ठेवते. दातांनी तोडून खा. लोक हसले तरी खा." आणि मग डोळे गच्च मिटून हाणायची. सगळं खातं खिदळायचं. बाबा अंगठा वर करून दाखवायचे आणि आई एप्रनला हात पुसत स्वयंपाकघरात निघून जायची. ती तिथे जाऊन रडायची, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं.

मग माझी पाळी आली, आठवतं? मी तंत्रशाळेतून शिकून आले होते. बाबांची खिटी मऊ लोखंडाची असायची, हाडांच्या कोळशात भाजून वरची कातडी तेवढी कडक केलेली. मी म्हटलं, कातडी झिजली की आत नुसतं लोणी. आपण क्रोमचं मिश्र पोलाद घेऊ, सळईतून मिलिंग यंत्रावर खिटी कापू, लाल तापवून तेलात बुडवून पाणी देऊ आणि मग मंद आचेवर कडकपणा थोडा उतरवू. कड टणक राहील आणि काचेसारखी फुटणारही नाही. बाबांचं तोंड एवढंसं झालं. जेवताना वाटाण्यांवर काटा फिरवत बसले, मग म्हणाले, "ठीक आहे, पोरी. धातू तुझा, तर अंगठाही तुझा." आणि मोगरी तुझ्या हातात दिली. तू नुकता लेथवर बसायला लागला होतास. तू मोगरी उचलायचास आणि परत खाली घ्यायचास, मला हसू आलं. "एड, खात्री आहे ना गं?" मी म्हटलं, "मार की रे मेल्या, हात अवघडला माझा." तू अशी मारलीस की बाबा ओरडले, "हे काय, अंडं फोडतोयस? परत!" दुसऱ्यांदा खरी मारलीस. खिटी टिकली. तू मागच्या अंगणात जाऊन ओकलास आणि परत येऊन माझ्या वाटणीचे चिप्स खाल्लेस. त्या दिवसापासून मी तुला मनातल्या मनात कधीच एकटं सोडलं नाही, हे तुला कुठून माहीत असणार?

आणि आता लोकांना तू सांगतोस की एडना जुन्या वळणाची, तिला नवं काही बघवत नाही, म्हणून भांडून गेली. खोटारड्या! चापाभोवतीची कडी ऍल्युमिनियमची ओतून घेऊ, हे कुणी सुचवलं होतं? नेम धरायचा मागचा भाग जस्ताचा करू, कोण म्हणालं? पिस्टनच्या तोंडावरचं चामडं काढून नायलॉन बसवायला बाबांना कुणी राजी केलं? भरीव सळई पोखरत बसण्यापेक्षा बिनसांध्याचा ओढीव नळा आणू आणि त्याचंच हवेचं नळकांडं करू, हेही माझंच. लोखंडाची पूड साच्यात दाबून भट्टीत भाजायची तुमची नवी पद्धतसुद्धा मला मान्य होती. चाप खुशाल पुडीचा करा म्हटलं, त्याला बोट ओढतं, स्प्रिंग नाही. जे नुसतं डोळ्याला दिसतं ते हवं त्याचं करा. पण माणसाचं बोट आणि दाबलेली स्प्रिंग यांच्यामधे जो एकच तुकडा उभा आहे, तो पुडीचा नको. एवढाच माझा हट्ट होता.

बरं, मी तिथेही अडून बसले नाही. सळईतून कापायला वेळ लागतो म्हणालास, तर मी तुला पत्र्याचा मार्ग काढून दिला. चांगल्या कर्बाच्या पोलादी पट्टीतून खिटी प्रेसवर छाटायची, दोन थर रिव्हेटनं जोडायचे, आरपार पाणी द्यायचं आणि फक्त कड दगडावर घासायची. पुडीइतकंच झटपट काम. तू नकाशा पाहिलास, मान हलवलीस आणि म्हणालास, "साचे आले आहेत, एड." तेव्हा मला कळलं. धातूचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या साहेबांना तू आधीच सांगून बसला होतास की खिटीसकट सगळं पुडीतून निघेल. आता परत जाऊन "माझं चुकलं" एवढं म्हणायचं होतं, आणि ते तुझ्या तोंडातून निघेना. वर मला ऐकवलंस की यंत्रानं हजारो वेळा ताणून पाहिली, काही होत नाही. अरे, यंत्र बंदूक टेबलाला धडकवत नाही. यंत्र ती गारठलेल्या गाडीतून आणून शेगडीशेजारी उभी करत नाही. यंत्राला बोटं नसतात! मी किल्ल्या तुझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले. तू हाक मारशील असं फाटकापर्यंत वाटत होतं.

मग वसंतात बातमी आली की तू लिनेटला अंगठा दिलास. मोगरी पॉलीननं मारली, सगळ्या खात्यासमोर, आणि खिटी टिकली. मी तेव्हा घरी माझ्या बंदूकदुरुस्तीच्या बाकाशी होते. कबूल करते, मला बरंच वाटलं. म्हटलं, आमचा डेस घाबरट आहे, पण त्यानं स्वतःचा अंगठा ठेवला म्हणजे त्यानं पुडीतून काहीतरी साधलं असणार. भट्टी बदलली असेल, दाब वाढवला असेल. आपलंच गणित चुकलं असेल. त्यानंतरच्या एका गुरुवारी पबात घंटेच्या नेमबाजी सामन्याला गेले तेव्हा व्हेरा हॉजेट्सनं मला बाजूला घेतलं. व्हेरा आमच्या बायकांच्या संघाची कप्तान, बेकरीत केकवर साखरेची फुलं काढते. ताटलीच्या भोकातून छर्रा पाठवून मागची घंटा वाजवावी तर तिनंच. म्हणाली, "कारखान्याच्या काउंटरवर पहिली छोटी खेप विकायला काढलीय. घेऊ का गं लिनेट? तू तर त्यांच्याशी भांडून बसलीयस." मी म्हटलं, "घे बिनधास्त. माझ्या भावानं अंगठा दिलाय."

गेल्या महिन्यात व्हेरानं त्याच पबात लिनेट ताणली, छर्रा बोटानं आत दाबला, आणि दस्ता टेबलाच्या पायाला लागला. आपटला नाही, नुसता लागला. मी तिच्या शेजारीच उभी होते. घंटा ऐकू यावी म्हणून सगळे गप्प झाले होते, त्यामुळे तो आवाज खोलीभर ऐकू आला. तर्जनीचं वरचं पेर गेलं. नळी दुसऱ्या हातानं धरून ठेवायला हवी होती, म्हणशील. हो, पेटीतल्या कागदावर तसं छापलंय. माणसं विसरतात म्हणूनच बाबांनी रीत घातली होती ना? तुला फोन केला तर म्हणालास, "त्या बाईनं कुठेतरी आपटली असेल." आपटली असेल! अंगठा देणं म्हणजे दुसरं काय असतं रे? आपण मोगरीनं हाणून बघतो आणि तिच्याकडून नुसता धक्का लागला तर तो तिचा गुन्हा! व्हेराला भेटायला गेले तर ती मलाच धीर देत होती. "गुलाब नाही जमत आता, एडना. डेझी जमतात अजून. लोकांना सांगू या की यंदा डेझीची फॅशन आहे." मी हसले, आणि बाहेर येऊन तिच्या बागेच्या भिंतीला लाथ घातली. पाय अजून दुखतोय.

बंदूक मी घरी आणून उघडली. खिटीची कड भिंगाखाली धरली. वरच्या कडक कातडीचा टवका उडाला होता आणि आत बिस्किटासारखी भोकंच भोकं. जसं होईल असं मी म्हटलं होतं तसंच झालं होतं, आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. एकच कोडं सुटेना. मग तुझा अंगठा कसा वाचला? म्हटलं, नशीब. नवी कड होती, एक घाव सोसला असेल. तुझ्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि काल पॉलीन, बिचारी, पुडिंगचा दुसरा तुकडा कापता कापता म्हणाली, "तुला वाटतं तो बदललाय. पण अंगठा द्यायच्या आदल्या रविवारी दिवसभर बाबांच्या जुन्या बाकाशी बसला होता. ती खिटी त्यानं स्वतः सळईतून कापली, तेलात पाणी दिलं, कड दगडावर घासली. अगदी तुझ्यासारखी. सारखी तुझी आठवण काढत होता." मग माझा हात धरून म्हणाली, "शनिवारी तुझ्यासाठी तीच बंदूक ठेवलीय. घोंगडीत गुंडाळून कपाटात ठेवलीय त्यानं, कुणाला हात लावू देत नाही." तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, ती आपल्या दोघांचं भांडण मिटवतेय. मी तिला काही सांगितलं नाही. तू सांग. तिनं मोगरी कशावर मारली होती ते तिला तुझ्या तोंडून कळू दे.

अंगठा देतोस म्हणून सांगितलंस आणि गावाला अंगठा दाखवलास, डेस! म्हणजे तुला माहीत होतं. मी आजवर तुला मूर्ख समजत होते, भित्रा समजत होते, आणि या दोन्हींची मला माया होती. पण तुला आधीपासून माहीत होतं. स्वतःचा अंगठा ठेवायची वेळ आली तेव्हा तुझे हात आपोआप योग्य धातूकडे गेले. सळई, तेल, मंद आच, दगड. माझा अंगठा जायचा नाही म्हणूनही तीच बंदूक जपून ठेवलीस. तुझा अंगठा पोलादाचा, माझा पोलादाचा, आणि व्हेराच्या बोटाला बिस्किट. त्या घोंगडीचं मला रडू आलं हे खरं आहे. तुझं माझ्यावर प्रेम आहे यात मला कधी शंका नव्हती. पण त्याच प्रेमाचा मला संताप येतोय, कारण ते तुझ्या घराच्या फाटकाशी येऊन संपतं. आणि माझा शब्द तू खोटा केलास. व्हेरानं लिनेट घेतली ती तुझ्या जाहिरातीमुळे नाही, माझ्या शब्दामुळे.

आता शनिवारचं. मी येणार आहे. तुझ्यापुढे एक सरळ वाट आहे: पेट्या थांबव आणि मालकांसमोर उभा राहून "माझं चुकलं" म्हण. तसं केलंस तर मी निळी टोपी घालून तुझ्या शेजारी उभी राहीन आणि कुणी तुला वेडंवाकडं बोललं तर त्याची खैर नाही. पत्र्याच्या खिटीचा नकाशा माझ्याकडे आहे, सोमवारी सकाळी प्रेसवर कामाला लागू. नाहीतर दुसरी वाट. घोंगडीतली बंदूक घोंगडीतच राहू दे. मी व्हेराची लिनेट घेऊन येईन. तिच्यात तुझ्याच काउंटरवरून आणलेली नवी, पेटीबंद पुडीची खिटी बसवली आहे, आणि नाताळच्या सुट्टीत कुणीही हौशी गिऱ्हाईक ताणेल तेवढ्या वेळा ती ताणली आहे. उघडून कड बघितलेली नाही. मुद्दामच. हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं, की "मला ठाऊक नव्हतं" असं तुला म्हणता येऊ नये. फोटोवाल्यासमोर मी तिच्या तोंडाशी अंगठा ठेवीन. पॉलीनच्या हातात मोगरी देऊ नकोस, अल्बर्ट माझा नवरा असला तरी या कामात माझं सगळ्यात जवळचं माणूस तूच आहेस. रीतीप्रमाणे तू मला विचारशील, तुझी खात्री आहे ना? मी म्हणेन, धातू तू निवडलायस, डेस, तू सांग. आणि मग जे सांगशील त्याप्रमाणे एकतर मोगरी खाली ठेव, नाहीतर मार. मारलीस तर या वेळी अंडं फोडल्यासारखी मारू नकोस.

अजूनही तुझीच,
एडना